पडीक शेतातली कलिंगडं

काहीही न करण्याचे पैसे सरकार देणार म्हटल्यावर मावशी हवेतच होत्या. घराला लागून असलेलं ओढ्याकडचं शेत त्यांच्या एकटीच्या नावावर. ते वर्षभर पडीक ठेवायचं, पेरायचं नाही, त्यातलं काही विकायचं नाही, जमिनीला नुसती विश्रांती द्यायची. की अनुदान थेट त्यांच्या खात्यात. त्यातून लाल स्कूटर घ्यायची होती. धाकटी बहीण टेकडीपलीकडच्या गावात राहायची, आणि "अहो, जरा सोडा ना तिच्याकडे" म्हटलं की काकांच्या ट्रॅक्टरला नेमकं काहीतरी व्हायचं. मावशी पुतणीकडून गुपचूप स्कूटर शिकूनही बसल्या होत्या.

शेतात कुणी पाऊल टाकायचं नाही, असा दंडक त्यांनीच घातला होता. सरकारी पाहणीच्या सकाळी मात्र वाऱ्यानं गवत आडवं झालेलं दिसलं, आणि मावशी कुंपणापाशी मटकन खाली बसल्या. गवतात कलिंगडंच कलिंगडं! काकांनी जन्मभर खत घातलं तेव्हा ढिम्म न हललेली जमीन चार दिवस आराम मिळताच उतू चालली होती.

"अहो, ओसरीवर बसून बिया कुठे थुंकत होतात?"

"कुंपणापलीकडे," काका म्हणाले. "घरात थुंकलो असतो तर तू ओरडली असतीस."

मावशींच्या डोळ्यांसमोरून लाल स्कूटर भुर्रकन निघून गेली. मग दोघांची जी तारांबळ उडाली! कलिंगडं न्हाणीघरात, कपाटात, पिठाच्या डब्यामागे. सगळ्यात मोठं कुठेच मावेना. तेवढ्यात दारात स्कूटर थांबली, तसे काका ते पोटाशी घेऊन गोधडीखाली आडवे झाले.

पाहणीवाली बाई तरुण होती, पण कडक. शेत बघून ती घरात आली आणि खाटेवरच्या डोंगराकडे बघत राहिली.

"यांना काय झालंय?"

"गॅसेस," मावशी म्हणाल्या.

काकांना हसू आवरेना. गोधडी गदगदली आणि कलिंगड घरंगळत थेट बाईंच्या बुटांशी गेलं. मागोमाग कपाटाचं दारही उघडलं.

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो मावशी, आपोआप उगवलेलं चालतं! शेतातच राहू द्यायचं होतं. आता तुम्ही ते काढलंत. विकणार नाही कशावरून?"

हातचं जाऊ देणाऱ्यातल्या मावशी नव्हत्या. "वाटून टाकते. आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत!"

आणि वाटलीच की. शेजारी, शिंपी, पोस्टमन, शाळेची अख्खी रांग. जो दिसेल त्याच्या हातात कलिंगड. गल्लीभर लाल तोंडं झाली. बाईंनीही एक फोड खाल्ली, मग दुसरी मागून घेतली. शेवटी ते सगळ्यात मोठं तेवढं उरलं.

"हे माझ्या बहिणीचं. टेकडीपलीकडे."

"मग तेही मला बघावं लागेल," बाई म्हणाल्या. "बसा मागे."

पण मावशी आधीच पुढे बसल्या होत्या. "मागे तुम्ही बसा. आणि कलिंगड नीट धरा."

काका किल्ली हलवत धावले. "अगं थांब! मी सोडतो की ट्रॅक्टरनं!"

मावशींनी हात हलवला आणि स्कूटर पिटाळली. चढ आला, वळण आलं, पुढे बकऱ्या आल्या. बाई किंचाळत होत्या आणि मावशी खो-खो हसत होत्या. इतकं त्या लग्नाआधीच कधीतरी हसल्या असतील.

बहिणीच्या दारात बाई लटपटत उतरल्या. "अनुदान मंजूर. पण परत जाताना मी चालवणार."

बहीण हात पुसत बाहेर आली. सवयीनं तिनं रस्त्याकडे नजर टाकली, ट्रॅक्टर कुठे दिसेना. "भाऊजी कुठायत? तुला सोडलं कुणी?"

"कुणी नाही गं," मावशी म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "मीच आले."