चंद्रोदयाआधीचा हप्ता

"कौसल्या, चंद्र दिसाच्या आधी डब्यात पैसे पडाक व्हये. त्याच्याशिवाय घास तोंडात घालू नको हां!"

सासूबाईंना, रमाबाईंना, जाऊन एकोणीस वर्षं झाली. पण दर संकष्टीला हा आवाज कौसल्याबाईंच्या कानात ठणठणीत उठायचा. गिरणी बंद पडली त्या वर्षी रमाबाईंनी गणपतीपुढे नेम धरला होता. उपास तर करायचाच, पण बचतीचा हप्ता पितळी डब्यात पडल्याशिवाय तो सोडायचा नाही. दुसऱ्या दिवशी पैसे पोस्टात. नेम तिथीचा, त्यामुळे अधिक महिन्याच्या वर्षी हप्ते बाराचे तेरा होत, आणि तो तेरावा म्हणजे घराची चैन. लालबागच्या त्या दोन खोल्यांतला पंखा, मिक्सर, खिडकीची जाळी, सगळी तेराव्या हप्त्याचीच कमाई.

अशा घरात स्वप्नीलने एका रविवारी चहाबरोबर विषय काढला.

"आई, आजीच्या पाटल्या दे ना. गहाण ठेवून तीन लाख उचलतो आणि शेअरमध्ये टाकतो. कर्ज बारा टक्क्यांनी, शेअर वाढणार पंचवीस टक्क्यांनी. मधले तेरा आपले!"

"पंचवीस कोण म्हणालं?"

"ग्रुपवर आलंय. ऑफिसातल्या अभयने पण कर्ज काढलंय."

"अगदी चंद्रावर प्लॉट घेतल्यासारखं बोलतोय," त्याची बायको अनुजा कांदा चिरता चिरता म्हणाली.

कौसल्याबाई हसल्या, पण त्यांना विषय हसण्यावारी नेता येईना. त्या पाटल्या रमाबाईंनी शेवटच्या आजारपणात स्वतःच्या हातातून काढून त्यांच्या हातात घातल्या होत्या. संपाच्या दिवसांत घरात पेज शिजली, पण पाटल्या सावकाराकडे गेल्या नव्हत्या. नाही म्हणावं तर एकुलत्या एक लेकाचं मन मोडतं, आणि भांडणं तर त्यांना कधी जमलंच नाही.

"हप्ता किती बसेल रे?"

"दहा हजार. तीन वर्षं फक्त."

"मग असं कर. सहा संकष्ट्या दहा-दहा हजार डब्यात टाकून दाखव. पाटल्या मी स्वतः काढून देते. नेम मात्र आजीचाच. हप्ता पडेपर्यंत उपास सुटणार नाही. माझा."

"तुझा कशाला?"

"तुझा कोण मोजणार, बाबा? सकाळी वडापाव, रात्री चायनीज!"

पहिल्या संकष्टीला स्वप्नीलने ऐटीत नोटा मोजून टाकल्या. दुसऱ्या वेळी जरा कमी ऐटीत. तिसऱ्या महिन्यात कंपनीचा पगार लांबला, आणि त्याच्या आधीच्याच आठवड्यात त्याने चौदा हजारांचं स्मार्ट घड्याळ घेऊन ठेवलं होतं.

त्या रात्री कौसल्याबाई गॅलरीत उभ्या होत्या. समोर टॉवर झाल्यापासून त्यांचा चंद्र पंचांगापेक्षा वीसएक मिनिटं उशिरा उगवायचा. "गणपतीने सवलत दिलीय," असं त्या शेजारणींना सांगत. आज ती सवलतही संपली. टॉवरच्या खांद्यावरून चंद्र वर आला. त्यांनी अर्घ्य दिलं, मोदकांचा नैवेद्य दाखवला आणि शांतपणे जपाची माळ घेऊन बसल्या.

"आई, जेव ना गं. सकाळपासून चहावर आहेस."

"जेवते ना. डब्यात पडू दे."

स्वप्नीलने अभयला फोन लावला. "अरे, माझाच हप्ता कापला गेलाय," अभय पलीकडून कण्हला, "तूच दोन हजार दे ना मला!" मग स्वप्नीलने अनुजाकडे उसने मागितले.

"म्हणजे कर्ज काढून बचत?" अनुजा म्हणाली. "वा! हे तर ग्रुपवर पण आलं नसेल."

स्वप्नीलला हसू आलं आणि लाजही वाटली. पाकीट, बॅग, पँटचे खिसे झाडून तीन हजार चारशे निघाले. ते घेऊन तो आईसमोर बसला.

"मी उपाशी राहिले रे," कौसल्याबाई हळूच म्हणाल्या. "बँक राहील का?"

डब्याचं झाकण उघडून त्याने नोटा आत ठेवल्या, आणि ठेवता ठेवता थबकला. "आई, पोस्टातले धरून तेवीस हजार चारशे झाले. माझ्याकडे एवढे एकरकमी कधीच नव्हते गं."

"शेअर वाईट असं मी कुठे म्हणते? तुझ्या घामाचे महिन्याच्या महिन्याला टाक. थोडे टाक, पण तुझे टाक. आजीच्या हातातलं सोनं नको."

"कर्ज नाही काढत. दहा झेपत नाहीत, चार टाकत जाईन, दर महिन्याला. पण या वेळचे सहा हजार सहाशे बाकी आहेत ना, ते पुढच्या संकष्टीच्या चंद्राआधी पूर्ण करतो. वचन. आता जेव."

त्यांनी डब्याला हात जोडले. उरलेल्याचं वचन सासूबाईंना चालेल का, याचा क्षणभर विचार केला, आणि मोदक फोडला. पहिला अर्धा लेकाच्या हातावर ठेवला.

पुढच्या संकष्टीला पगार वेळेवर आला. चार हजार दुपारीच डब्यात पडले. बाकीचं कौसल्याबाईंनी विचारलं नाही. त्या खोबरं खवत बसल्या.

पाच वाजता स्वप्नीलने मनगटावरचं घड्याळ काढलं, शर्टाच्या टोकाने काच पुसली आणि ते मूळच्या खोक्यात नीट ठेवलं. दादरला एक दुकानदार अशी घड्याळं विकत घेतो, हे त्याने कालच विचारून ठेवलं होतं.

"कुठे निघालास?" अनुजाने विचारलं.

"आलोच. चंद्राच्या आधी."

खोका काखेत धरून, आईला चाहूल लागू नये म्हणून चपला हातात घेऊन, तो जिना उतरू लागला.