पाटीवरचं नाव

प्रेमाने श्रुतिकाच्या हातातला कागद ओढून घेतला आणि कोकमाच्या बरणीखाली दाबला.

"परत वाच म्हटलं तर मान खाली घालतेस. लिहिताना कुठे होती लाज?"

मरोळच्या वाचनालयाने भागातल्या नामवंत माणसांचा नि जागांचा छोटा कोश काढायचं ठरवलं होतं. चार-चार ओळींच्या नोंदी. त्या तिथे काम करणारी श्रुतिका गोळा करत होती आणि आज दुपारी सगळं छापायला जाणार होतं. तिने कागद बरणीखालून सोडवला.

"धोंडू खानावळ. संस्थापक कै. धोंडू परब. कारखान्यांतल्या कामगारांना घरचं जेवण मिळावं म्हणून सुरू केली. रोज पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळी स्वतः निवडून आणत. पत्नी प्रेमा यांची साथ लाभली."

"साथ." प्रेमाने डाव टोपाच्या काठावर आपटला. "हे हात बघ. चटके खाऊन रेषा गेल्या यांच्यावरच्या. आणि म्हणे साथ."

"आजी, मी मनाचं नाही लिहिलं. जुन्या आठ गिऱ्हाइकांना विचारलं, सगळे हेच म्हणाले. बाहेर पाटीपण आहे ना."

पाटी प्रेमानेच रंगवून घेतली होती. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी धोंडू दुसरीकडे संसार थाटायला निघून गेला. तिच्या कडेवर पोर. एकट्या बाईला गाळा कोण देणार? म्हणून पाटीवर धोंडू आला. कुणी विचारलं की ती सांगे, धक्क्यावर गेलेत मासळीला. पुढे तो वारल्याचं कानावर आलं, तेव्हा तेवढं एक खरं सांगितलं. मुलाला, नंदकुमारला, बाकीचं कधीच नाही.

दाराबाहेर नंदकुमार स्टुलावर चढून पाटीला हार घालत होता. रोजच घालायचा. प्रेमाने आवाज खाली आणला.

"ती मासळीची ओळ तेवढी काढ."

"का आजी?"

"काढ म्हटलं ना."

"मासळी आईच आणायची," बाहेरून नंदकुमार म्हणाला. "एका हातात टोपली, दुसऱ्या हातात मी. बाबा मला आठवतच नाहीत."

टोपातली आमटी उतू जायला आली. प्रेमाने गॅस बारीक केला.

"मग इतकी वर्षं जीभ झडली होती तुझी? वर हार घालतोस रोज."

"तूच सांगायचीस ना तसं. मला वाटलं, तुला तसंच हवंय."

श्रुतिकाने संस्थापकाची, मासळीची आणि साथीची ओळ खोडली, वर प्रेमाचं नाव लिहिलं आणि थांबली.

"मग धोंडूंचं काय लिहू?"

"लिही, पाटीवर नाव होतं."

नंदकुमार खाली उतरला. हार अजून त्याच्या हातातच होता. त्याने पाटीकडे पाहिलं, मग आईकडे.

"माझ्याकडे काय बघतोस मेल्या," प्रेमा म्हणाली. "मी जिवंत आहे अजून."