पावशाची जागा

नंदिनीच्या खाणीतून चुनखडी घेऊन येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने निरोप आणला. मी भिलाईच्या रेल मिलमध्ये फर्स्ट शिफ्टला होतो. थंड झालेल्या रुळांवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकायचं माझं काम. कोणीतरी येऊन सांगितलं, केवलराम, तुला गेटवर बोलावलं आहे. ड्रायव्हर ओळखीचा नव्हता. तो ट्रकमधून उतरून उभा होता. माझं नाव विचारून घेतलं आणि म्हणाला, "भइया, तोर घरवाली नइ रहिस."

माझी बायको रंभा नंदिनीला बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. बहीण सुखरूप बाळंत झाली. मग रंभाला उलट्या-हगवण लागली आणि एका दिवसात सगळं संपलं. मी त्याच ट्रकमध्ये बसून गेलो. हौद्यात चुनखडीची धूळ होती. तिच्याजवळ पोचलो तेव्हा मी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालो होतो. तिच्या बहिणीने आधी मला ओळखलंच नाही.

तिथेच सगळं उरकलं आणि मी भिलाईला परत आलो.

सेक्टर सहामध्ये आमचं क्वार्टर आहे. मागच्या अंगणात कमरेइतकी मातीची भिंत आहे. ती मी आणि रंभाने घातली, भाजीत गुरं शिरू नयेत म्हणून. आम्ही भंडाऱ्याकडचे, शेतीवाले. क्वार्टर मिळालं तेव्हा पुढे डांबरी रस्ता झाला होता, पण मागे अजून पळस आणि मोहाची झाडं होती. पहिल्याच फागणात एक कोल्हा सकाळी अंगणाच्या टोकाशी येऊन बसला. हाकलला की जायचा, परत येऊन तिथेच बसायचा.

"त्याचं बीळ इथंच कुठं होतं जी," रंभा म्हणाली. "आपल्या क्वार्टरखाली गेलं असंन."

तिने चुना कालवला, बांबूची काडी चावून मऊ केली आणि भिंतीवर कोल्हा काढला.

"हे कावून?" मी विचारलं.

"मशीन आल्या तं हे जातीन. कोन कोन होतं ते मांडून ठेवू."

तेव्हापासून होळी झाली की ती भिंत सारवायची आणि पाऊस लागेपर्यंत जे जे दिसेल ते काढायची. पावसाने भिंत धुऊन जायची. पुढच्या फागणात परत पहिल्यापासून. नियम एकच. डोळ्यांनी दिसलं तेच मांडायचं. नुसता आवाज ऐकला तर नाही, दुसऱ्याने सांगितलं तरी नाही.

शेजारच्या गयाबाई मावशीने एकदा रेल्वे लाईनपाशी लांडगा पाहिला. रंभाने तो काही मांडला नाही. "मावशी, तो कुत्रा असंन," म्हणाली. मावशी होळीपासून पोळ्यापर्यंत तिच्याशी बोलली नाही.

यंदा भिंतीवर ससा होता, मुंगूस, घोरपड, तितरांची जोडी, टिटवी, नीळकंठ. कोल्हा यंदा दिसला नाही म्हणून काढलाही नाही. आणि वरच्या कोपऱ्यात हातभर जागा सोडली होती. ती पावशाची. तो मागच्या मोहावर रोज 'पेरते व्हा' करून ओरडायचा आणि दिसायचा नाही. रंभा तव्यावर भाकर टाकून धावायची. भाकर करपायची. नंदिनीला निघाली तेव्हा ट्रंक उचलता उचलता म्हणाली, "आली का पाह्यतेच त्याले."

दहाव्याला मी आणि मावशीचा मुलगा नरहरी शिवनाथ नदीवर गेलो. पिंड झाला, मुंडण झालं, आंघोळ करून आलो. आमच्यात दहाव्याला घर शेणाने सारवतात, तेव्हा सुतक फिटतं. पण क्वार्टरमध्ये खाली सिमेंट, भिंती विटांच्या. शेण लावायला मातीची जागा होती ती मागचं अंगण आणि ती भिंत.

मी मागच्या दारात आलो तर अंगणात शेजारच्या बाया जमलेल्या आणि गयाबाई मावशी पदर खोचून, कोपरापर्यंत शेणात. अर्धी भिंत सारवून झाली होती. ससा, टिटवी, मुंगूस शेणाखाली गेले होते.

"मावशी, थांब."

"तू अंगोळ करून आला ना? शिवू नको. बस तिकडं."

"तिथं रंभाचं आहे ते."

"मले माहीत आहे काय आहे ते. सारवल्याबिगर सुतक फिटते का? जीव घुटमळत राहीन तिचा."

"राहू दे."

"असं बोलू नये बापा. सरक."

मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो होतो. "नाही सरकत," म्हणालो. "सारवाचंच असंन तं माह्या पोटावर सारव."

नरहरीला हसू फुटलं, त्याने तोंड फिरवलं. बाकीच्या बाया माझ्याकडे पाहायला तयार नव्हत्या. मावशीने शेणाचं घमेलं खाली ठेवलं. माझ्या बाजूने भिंतीकडे पाहत राहिली.

"माहा लांडगा तं मांडलाच नाही तिनं," ती म्हणाली. "मरेपर्यंत कुत्राच म्हने."

मग ती रडायला लागली. हात शेणाचे, म्हणून डोळे खांद्याने पुसत होती.

थोड्या वेळाने तिने घमेलं उचललं, भिंतीच्या पलीकडे गेली आणि बाहेरची बाजू वरपासून खालपर्यंत सारवली. अंगणही सारवलं. बायांना म्हणाली, "बाहेरून सारवली तरी भिंत सारवलीच. ज्याले सुतक वाटते त्यानं माह्या नावानं बोंबलावं."

शेण वाळल्यावर मी चुना कालवला. रंभाची काडी चुलीमागे खोचलेली होती. गेलेलं परत काढायला बसलो. माझ्या हाताला आकडे काढायची सवय. मावशी पायरीवर बसून सांगत होती.

"टिटवी तिकडं नोती, खाली होती. आन हा ससा हाय का रेलचा नंबर?"

ससा खरंच दोनाच्या आकड्यासारखा झाला होता. मी त्याला कान काढले. मुंगसाची शेपटी वर होती की खाली, ते तिलाही आठवेना, मलाही. मी शेपटी सरळ काढली.

"आता माहा लांडगा काढ," मावशी म्हणाली.

"मले कुठं दिसला तो?"

"मेल्या, तूबी तिच्यासारखाच!" म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

आता शिफ्ट सुटली की मी सायकल घेऊन मागच्या मोहाकडे जातो. पावशा एका झाडावर ओरडतो, मी खाली पोचेपर्यंत दुसऱ्यावर. एकदा वाटलं, दिसला. करडी पाठ, पट्ट्यापट्ट्यांची शेपटी. घरी येऊन काडी हातात घेणार होतो. पण मी तिथून निघण्याआधीच त्याने झडप घालून चिमणी धरली. तो पावशासारखाच दिसणारा शिकरा होता.

तिकडे नवीन क्वार्टर होणार आहेत. मोहाच्या झाडांवर पांढऱ्या रंगाने नंबर पडले आहेत. मावशी म्हणते, "काढून टाक ना एक पाखरू. तिले कोन सांगाले जाते?" मी काढत नाही.

भिंतीवर टिनाचा पत्रा टाकला आहे, यंदा पावसाने धुऊ नये म्हणून. पावशा रोज ओरडतो. मला तो अजून दिसलेला नाही. वरचा कोपरा रिकामा आहे.