इलियासची हाक

बिडकीनच्या पुढं ट्रॅक्टरला मागं टाकायला कडूबानं गाडी उजवीकडं घेतली आणि समोरून येणारी मोटारसायकल त्याला दिसलीच नाही. धडक बसली. शेजारी बसलेली त्याची बायको सारजाबाई धडपडत खाली उतरली. पाहते तर एक तरणं पोरगं डांबरावर पडलेलं, डोक्यातून रक्त वाहतंय.

लोक धावत आले. त्यातला एक ओळखीचा कडूबाच्या कानाशी लागला, "निघा इथून. लोक लई खवळतील. ठाण्यात जाऊन हजर व्हा."

कडूबा पोरापासून हलला नाही. दवाखान्याच्या गाडीला कुणीतरी फोन लावला, ती पार पैठणहून निघणार होती.

"तिची वाट बघत बसता काय? उचला त्याला," सारजाबाई म्हणाली.

मागच्या सीटवर तिनं पोराचं डोकं मांडीवर घेतलं, जखमेवर पदर दाबून धरला. चितेगाव मागं पडलं तेव्हा त्यानं डोळे किलकिले केले.

"अम्मी."

सारजाबाईच्या मनात आलं, दुसऱ्या आईला मारलेली हाक, तिला आपण ओ द्यायची कशी?

"अम्मी?" या खेपेला आवाज घाबरलेला होता.

"ओ बाळा. हाय मी इथंच."

त्यानं तिचं बोट धरलं. शहर लागेस्तोवर ती पकड सुटली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहून मान हलवली. कडूबानं पोलिसांना सांगितलं, "चूक माझीच." ते त्याला घेऊन गेले. सारजाबाई मात्र बाकावरून उठली नाही.

पोराचं नाव इलियास. त्याची आई जमिला भिंतीला धरत धरत आली. "गाडी आमची होती," म्हणत सारजाबाई पाया पडायला वाकली, तर जमिलानं पाय मागं घेतले.

"तुमच्या माणसाला मी माफ करणार नाय."

"नका करू, बाई."

पोराला बघून आल्यावर जमिलानं विचारलं, "काही बोलला का?"

जागीच गेला म्हणावं, असं सारजाबाईच्या मनात आलं. पण तिला ते जमलं नाही. "तुम्हाला हाक मारली. दोनदा. मी ओ दिली. चुकलं असंल तर..."

"काय म्हणलात?"

"म्हणलं, ओ बाळा, हाय मी इथंच."

जमिला मटकन खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला.

पुढं कडूबाला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी जमिलानं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात सारजाबाई एकटीच रडत होती. तिच्याशेजारी जमिला येऊन बसली.