रिकाम्या बाटलीचा हेवा

मित्रांनो, मी एक जुनी, रिकामी सोड्याची बाटली आहे आणि गिटारवर माझा राग आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे मी तिच्याबद्दल वाकडं बोलले तर तुम्हाला नवल वाटायला नको.

माझा जन्म कारखान्यातला. भट्टीतून निघाले तेव्हा माझ्या अंगावर गोल गोल वळ्या होत्या. तशा त्या माझ्या हजारो बहिणींनाही होत्या. नारिंगी सोडा पोटात घेऊन आम्ही गावोगाव हिंडलो, रिकाम्या होऊन परतलो, पुन्हा भरल्या गेलो. मग विहिगाच्या डोंगरउतारावरच्या एका लग्नात अडागालाने मला पाहिलं. तो गिटार वाजवायला आला होता. आमच्याकडे नुसत्या गिटारवर कुणी नाचायला उठत नाही. शेजारी बसून कुणीतरी सोड्याच्या बाटलीवर खिळा आपटावा लागतो, वळ्यांवरून तो घासावा लागतो, तेव्हा कुठे पाय हलतात. अडागालाने टेबलावरच्या नऊ बाटल्यांवर खिळा मारून पाहिला आणि मला उचललं. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मानाचा दिवस होता.

वाजवायची मला त्याची बायको, मुहोंजा. बाईच्या हातात खिळा पाहून काही म्हातारे नाक मुरडायचे, पण पाय त्यांचेही थांबत नसत. पहाटे लोक घरी जाताना मात्र म्हणायचे, "काय गिटार वाजवली!" बाटलीचं नाव कुणी घेत नसे. तिथेच माझ्या मनात पहिला काटा रुतला.

पुढे लग्नांत मोठे मोठे स्पीकर आले आणि आम्हाला बोलावणं थांबलं. गिटारला मुहोंजाने जुन्या पडद्याची पिशवी शिवून दिली. माझ्यात काय भरलं? रॉकेल. दोन वर्षं मी चुलीमागे नाक धरून उभी होते.

मग अडागालाची बोटं आखडली. त्याने गिटार आपल्या मुलीला, कागेहाला दिली. कागेहाचा गळा गोड. ज्या वादकांना जाऊन जमाना लोटला, त्यांची जुनी गाणी ती बसवू लागली आणि घरातच फोनवर टिपून लोकांना पाठवू लागली. दुपारी खिडकीला गोधडी लावायची, कोंबड्या हाकलायच्या, फोन चहाच्या थर्मासला टेकवायचा आणि सुरू करायचं. एल्डोरेटहून, मोंबासाहून लोक तिला लिहायचे. गिटारची तर चैनच झाली. तिला तेलाचा हात मिळायचा, नव्या तारा मिळायच्या. एकदा गाण्याच्या मधोमध तिची तार तुटली, तेव्हा मला झालेला आनंद मी इथे लिहीत नाही.

अडागालाने मला राखेने घासून धुतलं. गिटार जमत नसली तरी खिळा त्याच्या मुठीत बसत होता. तो कागेहाशेजारी येऊन बसला आणि आम्ही दोघांनी ठेका धरला. कागेहाने टिपलेलं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. माझा टणत्कार आला की फोन घाबरायचा आणि बाकी सगळं दाबून टाकायचा. ना गिटार ऐकू यायची, ना गळा. तिने तीनदा करून पाहिलं.

"बाबा, तुम्ही नुसते ऐकत बसा ना," ती शेवटी हळूच म्हणाली.

अडागालाने खिळा सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि मला खिडकीत. त्यानंतर रोज दुपारी तो झाडाखाली घराकडे पाठ करून बसायचा, आत गाणं चालू असलं की जास्तच वेळ. मला वाटायचं, त्याला माझी लाज वाटते. गिटार दिसली की मी जळून खाक व्हायचे आणि फोन दिसला की आणखी.

अशात एक दिवस किसुमूहून एक शिक्षिका कागेहाला भेटायला आली. फोनवर गाणी ऐकून आली होती. पाहुण्याला सोडा द्यायलाच हवा, आणि रिकामी बाटली दिल्याशिवाय टपरीवर भरलेली मिळत नाही. अडागाला मका दळायला गेला होता. मुहोंजाने घरभर पाहिलं आणि मला उचललं. वीस वर्षं जिने मला मांडीवर घेतलं, तिनेच मला इमालीच्या टपरीवरच्या क्रेटमध्ये उभं केलं. दुसऱ्या दिवशी रिकाम्या बाटल्या न्यायला कारखान्याची गाडी येणार होती. शिक्षिका सोडा प्यायली आणि तिची रिकामी बाटली खिडकीत माझ्या जागी जाऊन बसली.

घरी काय झालं ते मला नंतर मुहोंजाच्याच तोंडून कळलं, कारण ती हे हसत हसत सगळ्यांना सांगते. अडागाला पीठ घेऊन आला, खिडकीतल्या बाटलीवर त्याने सहज खिळा मारला आणि तसाच उभा राहिला.

"ही ती नव्हे."

"कागेहाचे बाबा, बाटली ती बाटली," मुहोंजा म्हणाली. "खिडकीत बाटली होती, खिडकीत बाटली आहे."

इकडे क्रेटमध्ये आम्ही चोवीसजणी होतो, सगळ्या सारख्या. मला हाक मारता येत नव्हती. मुहोंजाकडून टपरीचं कळताच खिडकीतली ती बाटली घेऊन अडागाला आला, धापा टाकत जमिनीवर बसला आणि पहिल्या बाटलीवर खिळा मारून कान लावला. मग दुसरीवर.

"काका, मुलाखत घेताय का त्यांची?" इमालीने विचारलं.

तो तिसरीकडे वळला. कागेहा त्याच्या मागोमाग धावत आली होती, ती पाहत उभी राहिली. एकोणिसावी मी होते. खिळा लागला आणि मी वाजले. त्याने मला मांडीवर घेतलं आणि तिथेच त्या लग्नातला ठेका धरला, अगदी सुरुवातीपासून. इमालीने त्याने आणलेल्या बाटलीच्या बदल्यात मला सोडलं.

"गिटार दिली तुला, तेव्हा मी काही बोललो नाही," तो कागेहाला म्हणाला. "पण ही देणार नाही. हिच्यावर मी अजून वाजवतो."

मित्रांनो, हे ऐकायला गिटार तिथे हवी होती. ती घरी खुंटीला लटकत होती, एवढंच माझं दुःख.

कागेहाचे डोळे भरून आले. घरी येऊन तिने दार अर्धं उघडलं, बाहेर दहा पावलांवर स्टूल मांडलं आणि बापाला मला घेऊन तिथे बसवलं. इतक्या लांबून मी वाजले तर फोन घाबरला नाही. त्या गाण्यावर बावीसजणांनी लिहिलं. एकवीसजणांनी गिटारची तारीफ केली, ती मी निमूटपणे ऐकली. बाविसाव्याने लिहिलं होतं, "मागे बाटली कोण वाजवतंय? त्यांना जरा जवळ बसवा." अडागालाने ते कागेहाकडून तीनदा वाचून घेतलं. आता स्टूल सात पावलांवर आहे.

गिटारशी माझं अजूनही फारसं पटत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी रिकामं म्हणून खिडकीत बसवलेलं असेल, कुणी झाडाखाली पाठ करून बसलेलं असेल. त्यांना देऊन टाकण्याआधी, गप्प बसवण्याआधी, एकदा टिचकी मारून ऐका.