युरोपचं वादळ आणि येलहंक्याची शेवंती

"अवो, फुलं तोडाया येताय, का तितं युरोपातच ऱ्हाताय?"

विठाबाई बांधावरनं नवऱ्यावर ओरडली, पण गुंडूअण्णाच्या कानात शिरलं तर ना! येलहंका गावाच्या पलीकडं त्याची अर्धा एकर शेवंती दिवाळीच्या तोंडावर पिवळीधमक फुललेली, आन् हा गडी चहाच्या टपरीवर बसून आयर्लंडच्या वाऱ्याची काळजी करत होता. पोरगी प्रियदर्शनी डब्लिनला नर्स होऊन गेल्यापास्नं त्याला हे याडच लागलं होतं. सकाळी उठून फोनात साऱ्या युरोपचं हवामान बघायचं आन् दिसंल त्याला अडवून सांगायचं.

"पोर्तुगालात धो धो चाललाय. जर्मनीत धुकं. आयर्लंडात आज नवं वादळ येतंय, त्याला बाईचं नाव ठिवलंय."

"अण्णा, तुमचंबी आलं बघा," शेजारच्या शेतातला मल्हारराव म्हणाला.

विठाबाई पदर खोचून समोर उभी होती. "जरा वर बघा की!"

नंदीबेट्टाच्या डोंगराच्या अंगाला आभाळ वांग्यासारखं जांभळं पडलं होतं. वारा एकदम थांबलेला. गुंडूअण्णानं घाईघाईनं फोन काढला, इकडं बोट फिरवलं, तिकडं फिरवलं.

"पॅरिस हाय, लंडन हाय... येलहंका कुटं गेलं?"

"गेलं न्हाई, आता जाईल! फुलं भिजली तर मार्केटात कुणी हात लावंल का?"

मग जी पळापळ झाली म्हणता! विठाबाई दोन्ही हातांनी तोडत सुटली, गुंडूअण्णा टोपल्या भरून माळावरच्या शेडात ओतू लागला. मल्हाररावही आपलं काम टाकून बायकोला घेऊन धावला. निम्मं रान खुडून झालं आन् वारा सुटला. शेडाचा एक पत्रा पतंगासारखा उडून गेला. तेवढ्यात पाऊस कोसळला. गुंडूअण्णानं फुलांच्या ढिगावर ताडपत्री टाकली, तर ती त्यालाच घेऊन उडू बघत होती. शेवटी तो तिच्यावर पालथा पडला. मल्हाररावानं त्याचे पाय धरले.

त्या अवस्थेत फोन वाजला. पोरगीच होती.

"अप्पा, तिकडं पाऊस हाय का वो?"

"कुटं गं! स्वल्प भुरभुर हाय."

कडाड्कन वीज कोसळली.

"अप्पा, काय वाजलं ते?"

"मल्हाररावानं डबा पाडला."

"मी?" पाय धरलेला मल्हारराव ओरडला.

"आन् तुझ्याकडं वादळ आलं का गं?"

"छे वो अप्पा. स्वल्प वारा हाय."

तिच्या मागं काहीतरी मोठ्यानं आदळलं, काच खळ्‌कन फुटली.

"काय वाजलं गं ते?"

"मैत्रिणीनं... डबा पाडला."

गुंडूअण्णाला हसू आवरेना. तिकडं तीही फिस्सकन हसली. ताडपत्रीखाली फुलं, वर गुंडूअण्णा, त्याच्या पाठीवर पाऊस ताशासारखा वाजतोय, आन् हा खुदूखुदू हसतोय. निम्मी शेवंती डोळ्यांदेखत चिखलात झोपत होती. निम्मी त्याच्या पोटाखाली कोरडीठाक होती.

विठाबाईनं त्याच्या हातातला फोन हिसकावला.

"दोघंबी मेली खोटारडी! पोरी, खिडकीपास्नं आत सर आदी. पायात चपला घाल, काच लागंल. आन् ऐक, तुजा बाप बरा हाय. फुलांवर झोपलाय."