अमझेऱ्याची पांढरी झाडं

नीलकंठ मुंबईच्या चित्रशाळेत चार वर्षं काढून देवासला परतला तो डोक्यात भलतंच वारं घेऊन. आधी तो बरा गणपती काढी, लक्ष्मी काढी, कुणाच्या आजोबांची तसबीरही रंगवून देई. आता म्हणे डोंगर काढणार. नुसता डोंगर! त्यात देव नाही, राजा नाही, निदान पाण्याला निघालेली एखादी बाई, तीही नाही. वडील मोरोपंत थोरल्या पातीच्या कचेरीत दफ्तरदार. त्यांनी चिरंजीवांचं पहिलं चित्र हातभर लांब धरून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "बरं, पण हे आहे कुणाचं?"

"कुणाचंच नाही, अप्पा. निसर्ग आहे."

"ते दिसतंय मला. पण असं कुणाचंच नसलेलं भिंतीवर लावणार कोण?"

चित्रशाळेतल्या मास्तरांनी हा प्रश्न कधी शिकवलाच नव्हता.

मोरोपंत तसे तापट नव्हते. त्यांनी मुदत घालून दिली. पाडव्यापर्यंत कुणी कदरदान भेटला तर रंगव बाबा तुझे डोंगर. नाही तर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी निमूट कचेरीत यायचं आणि मांडी घालून लिहायला बसायचं. देवासच्या राज्याच्या पात्या दोन, थोरली आणि धाकटी, त्यामुळं कचेऱ्याही दोन. एकीतून निसटलं तर दुसरी आ वासून बसलेलीच. चित्रं काढल्याशिवाय आपण जगूच शकणार नाही, असं नीलकंठाला मनापासून वाटे, आणि पंचविशीत ते वाटणं काही खोटं नसतं.

माघात एका नातेवाइकाच्या मुंजीसाठी तो अमझेऱ्याला गेला. गावाबाहेर पश्चिमेला एक उतार आहे. संध्याकाळी तो तिकडं फिरत गेला आणि जागच्या जागी उभा राहिला. उतारभर पांढरीशुभ्र झाडं. एकावर पान नाही. मावळतीचं ऊन त्या खोडांवर असं काही पडलं होतं की खालचं वाळलेलं गवत, मागची निळसर टेकडी, सगळं त्यांच्यासाठीच मांडून ठेवल्यासारखं वाटावं. मुंज राहिली बाजूला. सहा दिवस तो रोज दुपारी तिथं जाऊन चित्र टेकवायची तिवई मांडून बसला. मुंजीचं जेवण चुकलं म्हणून यजमान रुसले, तेही त्याला नंतर कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं.

चित्र खरोखरच उत्तम झालं. ते घेऊन तो फाल्गुनात धारला उदाजीरावांकडे गेला. हे सरदार माणूस, मनानं मोकळे, नवा बंगला बांधलेला, आणि दिवाणखान्यात साहेबी थाटाची चित्रं हवीत असा त्यांचा ध्यास. त्यांनी चित्र खुर्चीवर टेकवून ठेवलं, मागं सरकले, पुढं आले आणि मांडीवर थाप मारली.

"वा, नीलकंठपंत! आपल्या मुलखात असली शोभा आहे आणि आम्हाला पत्ताच नाही! हे इथंच राहणार. आणि तुम्हीही इथंच राहा, आमचे चित्रकार म्हणून. अशी आणखी दहा चित्रं हवीत. बोला, कबूल?"

नीलकंठाला मोरोपंतांचा चष्मा आठवला आणि हसू आलं. तो 'कबूल' म्हणणार, तेवढ्यात राजाबाई सरबताचं तबक घेऊन आत आली. ती बंगल्यातली झाडलोट आणि वरकाम पाही. तिचा नवरा अमझेऱ्याच्या ठाण्यावर शिपाई होता, तो गेल्यावर ती धारला आली होती. तबक मेजावर ठेवायचं सोडून ती चित्रासमोर तशीच उभी राहिली.

"हे तर आमचं अमझेरा, भिया," ती माळव्याच्या रीतीनं नीलकंठाला भाऊ म्हणत बोलली.

"ओळखलंत?" नीलकंठ खुलला. "झाडं काय सुंदर आहेत हो तिथली! कांडोळाची असावीत. त्याचीच साल अशी पांढरी असते."

"साल कुठं आहे, भिया?" राजाबाई म्हणाली. "साल तर आम्ही खाल्ली."

तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या पाहुण्याला गावची वाट सांगावी तसं ती सांगत होती. "छप्पनच्या काळात. आधी पाला गेला ढोरांना. मग ढोरं गेली. मग आम्ही साल सोलली, वाळवली, दळली, मूठभर ज्वारीत मिसळली. झाडं काई करणार, उभ्या उभ्या मेली."

छप्पनचा काळ म्हणजे संवत १९५६चा, चार वर्षांपूर्वीचा तो दुष्काळ. नीलकंठ तेव्हा मुंबईत होता. घरच्या पत्रात 'इकडे महागाई फार आहे' एवढं एक वाक्य आलं होतं, तेही त्यानं वाचून बाजूला ठेवलं होतं.

राजाबाई चित्राच्या आणखी जवळ गेली. "सगळं बरोब्बर काढलंय. पण झाडाखाली दगडांचे ढीग होते ना? ते कुठं गेले?"

"ते मी गाळले," नीलकंठ म्हणाला. "पडझडीचे दगड वाटले. चित्रात बरे दिसेनात." आणि मग, काय होतंय ते कळायच्या आत, खरं बोलायची सवय म्हणून तो पुढं बोलून गेला, "वारा फार होता. तिवई हलू नये म्हणून त्यातलेच तीन दगड उचलून मी खाली लटकवले होते."

राजाबाईनं तबक सावकाश मेजावर ठेवलं.

"लहान लेकरांना जाळत नाहीत, भिया. पुरतात. वर दगड रचतात, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. माझी मालन तिसऱ्या झाडाखाली आहे. दीड वर्षाची होती."

चित्र तेच होतं. ऊन तेच, खोडं तीच, आणि दुष्टपणा असा की ते अजूनही तितकंच सुंदर दिसत होतं. नीलकंठाला डोळे मिटून घ्यावेसे वाटले. त्यानं चित्र खुर्चीवरून उचललं. "रावसाहेब, माफ करा. मी हे देऊ शकत नाही."

उदाजीराव गोंधळले आणि गोंधळले की ते चिडत. "अहो, मघाशी हे चित्र चांगलं होतं. आता वाईट झालं का? त्यातली एक रेघ तरी हलली आहे का? मला नीट समजावून सांगा!"

नीलकंठ चित्र घेऊन दाराकडे वळला.

"बरं, मग असं करा," उदाजीराव जरा नरमले. माणूस निर्दय नव्हता. "झाडांना पानं काढा. हिरवीगार करून टाका. वाटल्यास दोन मोर बसवा. म्हणजे हिलाही वाईट वाटायला नको."

"पानं नका काढू," राजाबाई घाईनं म्हणाली. मग धन्यासमोर आवाज चढला म्हणून चपापली आणि पदर सावरून हळू बोलू लागली. "आणि नेऊ पण नका, भिया. चार साल झाले, मला तिकडं पाऊल ठेवायची हिंमत झाली नाही. मला वाटायचं, तिथं नुसता अंधार असेल. आणि इथं बघा किती ऊन आहे! माझ्या मालनवर असं ऊन पडतं, हे मला मालूमच नव्हतं. या खोलीचं झाडणं-पुसणं माझ्याकडंच आहे. इथंच राहू द्या ना."

ज्या चित्राची नीलकंठाला आता लाज वाटत होती, तेच ती मागत होती. न द्यावं तर तिच्यावर अन्याय, द्यावं तर त्याच चित्रावर आपली भाकर शेकणार. त्यानं चित्र पुन्हा खुर्चीवर ठेवलं आणि 'कबूल' म्हणाला. वर्षभर ज्या शब्दासाठी तो झुरत होता, तो एखादा गुन्हा कबूल करावा तसा त्याच्या तोंडून निघाला. फक्त एक मागणं त्यानं घातलं: राजाबाईला चार दिवसांची रजा आणि अमझेऱ्यापर्यंत गाडी.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना दोघं त्या उतारावर पोचली. गाडीवान खाली बैल सोडून बसला. राजाबाई कुणाला न विचारता सरळ तिसऱ्या झाडापाशी गेली. तिथला ढीग जसाच्या तसा होता. ती खाली बसली, पदरातून गुळाचा खडा काढून तिनं दगडांवर ठेवला आणि त्या दगडांवरून हात फिरवत राहिली. नीलकंठाचा जीव भांड्यात पडला. मालनचे दगड त्यानं नेले नव्हते.

मग कुणाचे नेले होते?

तिवई जिथं मांडली होती तिथं ते तिन्ही पडलेले होते, एकाला अजून सुतळी गुंडाळलेली. सुतळी सोडून त्यानं दगड छातीशी धरले आणि उतारावर पाहिलं. झाडाखाली ढीग, बाजूला ढीग, गवतात बुडालेले आणखी किती तरी. सहा दिवसांतला रोजचा उजेड त्याला आठवत होता. चौथ्या दिवशी खोडांवर जरा जांभळी झाक होती, तीही आठवत होती. दगड कुठून उचलले ते मात्र काही केल्या आठवेना. तो या ढिगापाशी वाकला, त्या ढिगापाशी वाकला. सगळे ढीग सारखेच अपुरे दिसत होते.

"राजाबाई," त्यानं हाक मारली, "हे ठेवू कुठं?"

तिनं वर पाहिलं, सगळ्या उतारावरून नजर फिरवली आणि मान हलवली. "मला काय ठाऊक, भिया? त्यांच्या आया पण गेल्या."

ऊन खोडांवर चढलं. टेकडी निळी झाली. उतार पुन्हा तसाच सोन्याचा झाला, आणि नीलकंठाला स्वतःची शरम वाटली, कारण हात दगडांनी भरलेले असतानाही त्याचे डोळे तिकडेच गेले होते.